जुन्या रिव्हॉल्व्हरची रिअर साइट: बदलायची कधी, बसवायची कशी, जुळवायची कशी

जुन्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या नेमापासून ढळू लागल्या की संशय आधी रिअर साइटवर, म्हणजे नेम धरायच्या मागच्या खाचेवर, जातो, कारण नेम धरताना तीच समोर असते. मग कोणी स्क्रू पिळतं, कोणी खाच कानसतं, कोणी थेट नवी साइट मागवतं. चाळीस-पन्नास किंवा सत्तर वर्षं जुन्या हत्याराशी असं वागू नये. त्या काळचे भाग आता तयार होत नाहीत आणि कानसलेलं पोलाद परत येत नाही. या लेखात मी एकच नियम पाळला आहे: जो बदल उलटा फिरवता येतो तो आधी करायचा, आणि जो फिरवता येत नाही तो सगळे मार्ग संपल्यावर.

कामाला हात लावण्यापूर्वी हत्यार रिकामं करा. सिलिंडर (काडतुसं ठेवायचं फिरतं नळकांडं) उघडा, त्यातली काडतुसांची सगळी घरं डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. सिलिंडर बाजूला न उघडणाऱ्या, दर गोळीला हॅमर (घोडा) हाताने ताणावा लागणाऱ्या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये लोडिंग गेट (काडतूस भरायची मागची झडप) उघडून एकेक घर फिरवून तपासा. काडतुसं त्या खोलीतही ठेवू नका. तुमच्या भागात परवाना लागत असेल, तर हत्यारावर काय काम स्वतः करता येतं आणि काय परवानाधारक कारागिराकडेच द्यावं लागतं, हे आधी पाहून घ्या.

दोष साइटचाच आहे का?

विसावा घेऊन, म्हणजे वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून, पाच-पाच गोळ्यांचे निदान तीन गट झाडा. नळी पिशवीवर टेकवू नका, कारण त्याने गोळी वेगळीकडे जाते. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ बोट किंवा पिशवी असता कामा नये. त्या फटीतून तप्त वायू आणि शिशाचे कण बाहेर फेकले जातात.

गट घट्ट आहे पण एका बाजूला पडतोय, तर विषय साइटचा. गट विस्कटलेला आहे, तर साइट कितीही फिरवून उपयोग नाही. तेव्हा नळीच्या तोंडाची कड, सिलिंडरचं लॉकिंग आणि नळीत साचलेलं शिसं तपासा. हॅमर ताणलेला असताना सिलिंडर हाताने जास्त हलत असेल, तर ते काम कारागिराचं.

दुसरा प्रश्न काडतुसाचा. माझ्या मते जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत धक्क्याने नळीचं तोंड वर उचललं जात असतं. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि धक्काही जास्त देते, म्हणून जवळच्या अंतरावर ती वर लागते. हलकी, वेगवान गोळी खाली लागते. .३८ स्पेशल या काडतुसाची कित्येक स्थिर (न हलणाऱ्या) साइटची रिव्हॉल्व्हर १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीसाठी जुळवलेली होती. ब्रिटिश एनफिल्ड नंबर २ मूळ २०० ग्रेनच्या गोळीसाठी बनवलं गेलं. त्यातून हलकी गोळी झाडून ‘हे खाली मारतं’ म्हणणं हा त्या हत्यारावर अन्याय आहे. म्हणून आधी काडतूस ठरवा आणि मग साइटला हात लावा. ज्या काडतुसाने रोज सराव करणार, त्यानेच साइट जुळवायची.

तिसरी गोष्ट नेम धरण्याची पद्धत. जुन्या टार्गेट रिव्हॉल्व्हरचे नेमबाज काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला नेम धरत, आणि साइटही त्या हिशेबाने जुळवलेली असे. तुम्ही मधोमध नेम धरलात तर गोळ्या वर जाणारच. बिघाड म्हणावा असं त्यात काही नाही.

तुमच्याकडे कोणती साइट आहे?

रिअर साइट म्हटलं की एकच वस्तू डोळ्यासमोर येते, पण जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये तिच्या रचना अगदी वेगवेगळ्या आहेत. काम कसं करायचं ते रचनेवर ठरतं.

सगळ्यात जुनी आणि साधी म्हणजे वरच्या पट्टीत कोरलेली खोबण. १८७३ चं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी किंवा स्थिर साइटची स्मिथ अँड वेसन मिलिटरी अँड पोलीस ही याची उदाहरणं. इथे रिअर साइट फ्रेमचाच भाग असल्याने बदलण्यासारखं काही नाही. वेबलीच्या मधून दुमडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर, उदाहरणार्थ मार्क ६ वर, मागची खाच नळी अडकवणाऱ्या कुलपाच्या खटक्यावरच असते. तो खटका बदलणं म्हणजे हत्यार बंद ठेवणारा भाग बदलणं. घरच्या बाकावर ते करू नये.

दुसरा प्रकार डव्हटेलचा. फ्रेममध्ये आडवी, तळाशी रुंद खाच असते आणि तिच्यात साइट घट्ट ठोकून बसवलेली असते. रुगर सिंगल-सिक्सच्या सुरुवातीच्या मॉडेलवर अशी साइट होती. ती डाव्या-उजव्या बाजूला सरकवता येते, उंची बदलता येत नाही.

तिसरा प्रकार दोन्ही दिशांना फिरणाऱ्या साइटचा, आणि बहुतेकांचे प्रश्न तिच्याबद्दलच असतात. स्मिथ अँड वेसनची क्लिक होणारी मायक्रोमीटर साइट १९४० मध्ये के-२२ या टार्गेट रिव्हॉल्व्हरवर आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर के-३८ सारख्या सगळ्या टार्गेट मॉडेलवर दिसू लागली. त्याआधीच्या स्मिथ टार्गेट साइटमध्ये पात्याच्या (खाच असलेल्या उभ्या पत्र्याच्या) दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू असे. एक सैल करायचा, दुसरा आवळायचा, की पातं सरकतं. दोन्ही एकदम आवळले तर आटे जातात. कोल्टच्या युद्धपूर्व ऑफिसर्स मॉडेलमध्ये आणखी गंमत आहे: डावी-उजवी दुरुस्ती मागे आणि उंचीची दुरुस्ती पुढच्या साइटमध्ये. हे माहीत नसलेला माणूस मागच्या साइटवर उंचीचा स्क्रू शोधत बसतो. १९५५ चं कोल्ट पायथन आणि त्याच वर्षीचं रुगर ब्लॅकहॉक यांच्यात साइटचा पुढचा भाग एका आडव्या पिनवर झुलतो आणि खालून स्प्रिंग तिला वर ढकलते.

नवी साइट घेण्याआधी जुनीची लांबी, रुंदी, स्क्रूचं अंतर आणि पात्याची उंची व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. एकाच मॉडेलमध्येही वर्षागणिक साइट बदललेली असते. स्मिथच्या क्लिक साइटच्या लांब पट्टीचं (फ्रेमच्या वरच्या खोबणीत बसणाऱ्या भागाचं) पुढचं टोक जुन्या हत्यारांवर चौकोनी आणि नव्यांवर गोल आहे. गोल टोकाची पट्टी चौकोनी खोबणीत बसवली तर पुढे दोन कोपरे उघडे राहतात आणि ते कायम डोळ्यांत खुपतात.

अवजारं

या कामात महागडं फारसं काही लागत नाही, पण एक गोष्ट अगदी योग्य हवी: स्क्रूड्रायव्हर. साध्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. ते स्क्रूच्या खाचेत फक्त वरच्या कडेवर टेकतं, निसटतं आणि खाच व फ्रेम दोन्ही ओरखडतं. बंदुकीच्या कामाचे बिट (स्क्रूड्रायव्हरची सुटी टोकं) तळापर्यंत समांतर घासलेले असतात. खाचेच्या रुंदीत आणि जाडीत चपखल बसणारा बिट मिळाल्याशिवाय काम सुरू करू नका.

बाकी: पितळेचा किंवा नायलॉनचा पंच, छोटी हातोडी, पिनच्या मापाचा पोलादी पंच, गंजात मुरणारं तेल, कॅलिपर, मऊ जबड्यांचा व्हाइस (शिकंजा), फ्रेम झाकायला कागदी टेप आणि एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. पिशवी कशासाठी ते पुढे येईल.

डव्हटेलची साइट

साइटच्या आणि फ्रेमच्या जोडावर तेलाचे थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. जोडावर आरपार पेन्सिलीची बारीक रेघ मारा, म्हणजे मूळ जागा कळत राहते. साइटवर छोटा अडकवणारा स्क्रू असेल तर तो आधी सैल करा. घाईत हा हमखास विसरला जातो.

हत्यार व्हाइसमध्ये नीट आधार देऊन धरा. आधार फ्रेमला हवा, नळी पकडू नका. प्रथेप्रमाणे साइट नेमबाजाच्या बाजूने पाहता डावीकडून उजवीकडे ठोकून काढतात आणि उजवीकडून डावीकडे बसवतात. पंच साइटच्या तळाशी, फ्रेमच्या अगदी जवळ टेकवा. वरच्या भागावर ठोकलं तर साइट वाकते. ठोके लहान पण ठाम असावेत. हलत नसेल तर पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. बर्नरची ज्वाळा लावू नका, निळा मुलामा तर जाईलच आणि पोलादाच्या कठीणपणावरही परिणाम होऊ शकतो.

नवी साइट हाताच्या दाबाने साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत आत जायला हवी, उरलेली पंचाने. त्याहून घट्ट असेल तर नव्या साइटचा तळ बारीक कानशीने घासा. फ्रेमची खाच कधीही घासू नका. साइट बदलता येते, फ्रेम नाही. उलट सैल असेल तर साइटखाली पितळेचा पातळ पत्रा घाला. फ्रेमच्या कडा ठोकून आवळणं हा जुना उपाय आजही सांगितला जातो, पण त्याने कायमची खूण राहते. मी तो करत नाही आणि कुणाला सुचवतही नाही.

स्मिथ अँड वेसनची क्लिक साइट

साइट पूर्ण काढायची असेल तर पट्टीच्या पुढच्या टोकाचा स्क्रू आधी काढा. घट्ट असेल तर तेल लावून थांबा. तरीही न हलल्यास तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर अर्धा-एक मिनिट ठेवा. आतलं जुनं वंगण किंवा लॉकिंगचं द्रव (स्क्रू सैल होऊ न देणारं चिकट द्रव) मऊ होतं आणि फ्रेमला उष्णता फारशी लागत नाही. मग मागचा उंचीचा स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने, क्लिक मोजत फिरवा. क्लिकची संख्या लिहून ठेवा, परत बसवताना मूळ उंची मिळते. स्क्रू खालच्या नटातून सुटला की पट्टी वर उचलली जाते. तो छोटा नट फ्रेममधल्या घरात असतो, तो हरवू देऊ नका.

पट्टीखाली बहुधा अनेक वर्षांचं घट्ट झालेलं तेल आणि बारीक गंज दिसेल. लाकडी काडी आणि तेलात भिजवलेल्या फडक्याने साफ करा. कित्येकदा उंचीचा स्क्रू अडकण्याचं कारण एवढंच असतं आणि साइट बदलावी लागतच नाही.

फक्त पातं बदलायचं असेल, म्हणजे खाच खराब झाली आहे किंवा जास्त उंच पातं हवं आहे, तर काम नाजूक होतं. पातं डावी-उजवीकडे नेणाऱ्या आडव्या स्क्रूचं दुसरं टोक नटात ठोकून फुलवलेलं असतं, म्हणजे तो सुटण्यासाठी बनवलेलाच नाही. तो काढताना तुटतो आणि तुटायलाच हवा. म्हणून नवा स्क्रू, नवा नट, प्लंजर (क्लिक देणारी बारीक खुंटी), स्प्रिंग आणि पातं असा पूर्ण संच हातात आल्याशिवाय जुना स्क्रू फिरवू नका. संचासोबत नट धरायचं दोन दातांचं अवजार येतं. नसेल तर वेगळं घ्या, चिमट्याने नट धरून चालत नाही.

नट धरून स्क्रू तुटेपर्यंत फिरवा, तुकडे काढा आणि पातं सरकवून बाहेर घ्या. इथे ती प्लास्टिकची पिशवी कामाला येते. स्क्रूच्या डोक्याखाली क्लिक देणारी इवलीशी स्प्रिंग आणि प्लंजर आहे, आणि स्क्रू सुटताच ती उडते. हात पिशवीत घालून काम केलं तर ती पिशवीतच राहते.

नवं बसवताना क्रम असा: पातं त्याच्या घरात सरकवा, स्प्रिंग भोकात, तिच्यावर प्लंजर, मग स्क्रू दाबून आत. दुसऱ्या बाजूने नट चढवा. पातं डुगडुगणार नाही पण स्क्रू स्पष्ट क्लिक देत फिरेल, एवढाच आवळा. पातं दोन्ही टोकांपर्यंत नेऊन पाहा. सगळं बरोबर वाटल्यावरच स्क्रूचं डोकं कठीण पोलादी ठोकळ्यावर टेकवून दुसरं टोक अगदी हलक्या ठोक्यांनी फुलवा. प्रत्येक दोन ठोक्यांनंतर क्लिक तपासा. जास्त ठोकलं तर स्क्रू जाम होतो आणि पुन्हा नवा संच लागतो. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांनी पूर्ण जोडलेली साइट विकत घेऊन बसवावी. पैसे थोडे जास्त जातात, पण जुनी साइट जशीच्या तशी शिल्लक राहते, आणि संग्राहकाच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे.

पिनवर झुलणारी साइट

कोल्ट पायथन किंवा ब्लॅकहॉकवर उंचीचा स्क्रू मोकळा केल्यावर साइट वर उचलली जाईल, पण पुढे पिनने अडकलेली राहील. पिन कोणत्या बाजूने निघते ते भिंगाने पाहा. आधीच्या कारागिराच्या पंचाची खूण अनेकदा ते सांगते. फ्रेमवर टेप लावा, पिनपेक्षा किंचित बारीक पंच घ्या आणि साइट एका बोटाने दाबून धरा, नाहीतर खालची स्प्रिंग उडेल. नवी साइट बसवल्यावर ती आपल्याच जोराने वर यायला हवी. येत नसेल तर स्प्रिंग आखूड किंवा उलटी बसली आहे.

हिशेब

आता मुख्य भाग. साइट किती फिरवायची याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा हिशेब करा:

साइटमधला बदल = (निशाणावरची चूक × दोन साइटमधलं अंतर) ÷ निशाणाचं अंतर

सगळी मापं मिलिमीटरमध्ये. समजा दोन साइटमधलं अंतर १९० मिमी, निशाण २५ मीटर म्हणजे २५,००० मिमी, आणि गटाचं केंद्र ८० मिमी खाली आहे. ८० × १९० = १५,२००, भागिले २५,०००, म्हणजे जवळपास ०.६१ मिमी. रिअर साइट तेवढी वर न्यायची. गट ४५ मिमी डावीकडेही असेल तर ०.३४ मिमी उजवीकडे.

गोळी जिकडे न्यायची, रिअर साइट तिकडेच न्यायची. पुढच्या साइटचं बरोबर उलटं. स्मिथच्या क्लिक साइटवर उंचीचा स्क्रू घड्याळाच्या उलट फिरवला की पातं वर येतं, आणि बाजूचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की उजवीकडे जातं. इतर साइटवर स्क्रू कुठल्या दिशेने फिरतो यावर विश्वास ठेवू नका, पातं कुठे जातं ते डोळ्यांनी पाहा.

एका क्लिकचं माप छापील तक्त्यांतून घेऊ नका, झिजलेल्या जुन्या साइटवर ते जुळेलच असं नाही. स्वतः मोजा: कॅलिपरने पात्याची उंची घ्या, दहा क्लिक फिरवा, पुन्हा मोजा. फरक ०.८ मिमी आला तर एक क्लिक ०.०८ मिमी. वरच्या उदाहरणात ०.६१ साठी सात-आठ क्लिक लागतील. आधी सात द्या आणि पुन्हा झाडून पाहा.

जुन्या आट्यांमध्ये ढिलाई असते, त्यामुळे दिशा बदलली की पहिली एक-दोन क्लिक फुकट जातात. यावर सोपा उपाय आहे. शेवटची फिरवणी नेहमी एकाच दिशेने करा. पातं खाली आणायचं असेल तर हवं त्याच्या दोन क्लिक खाली जा आणि मग दोन क्लिक वर या.

उंचीचा स्क्रू जवळजवळ सुटेपर्यंत वर न्यावा लागत असेल तर थांबा. एवढं उचललेलं पातं धक्क्याने हलतं. अशा वेळी जास्त उंचीचं पातं घ्या. स्मिथची पाती वेगवेगळ्या उंचीत मिळतात.

सुरुवात सात-आठ मीटरवरून करा, म्हणजे गोळ्या निदान कागदावर पडतात. मग २५ मीटरवर अंतिम जुळवणी. प्रत्येक बदलानंतर पाच गोळ्यांचा पूर्ण गट झाडा. एका गोळीकडे पाहून साइट फिरवू नका. आणि एका वेळी एकच दिशा: आधी डावं-उजवं, मग उंची.

खाच आणि पुढचं पातं यांची जोडी

नवी साइट घेताना खाचेचा आकार पुढच्या साइटशी जुळतो का ते पाहा. सरळ उभ्या कडांच्या पॅट्रिज पात्याला चौकोनी खाच हवी, गोल मण्याच्या किंवा अर्धचंद्राकार पुढच्या साइटला गोल तळाची खाच शोभते. हात लांब करून पाहिल्यावर पात्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची बारीक, सारखी रेघ दिसली पाहिजे. रेघ दिसतच नसेल तर खाच अरुंद आहे आणि मंद प्रकाशात नेम धरताच येणार नाही. वयाने नजर मंदावलेल्यांना थोडी रुंद खाच जास्त सोयीची पडते. अचूकतेत जो थोडा तोटा होतो तो कागदावर क्वचितच दिसतो.

स्थिर साइट असेल तर

कोरलेल्या खोबणीच्या रिव्हॉल्व्हरवर उंचीची दुरुस्ती पुढच्या साइटवरच होते. गोळी खाली लागत असेल तर पुढचं पातं कानसून कमी करायचं. वर लागत असेल तर कानसून काही होत नाही, पातं उंच करावं लागतं. हिशेब तोच. १५ मीटरवर ४० मिमी खाली आणि साइटमधलं अंतर १६० मिमी असेल, तर ०.४३ मिमी. पण एवढं एकदम काढू नका. ०.२ काढा, झाडा, मग पुढचं. एनफिल्ड नंबर २ चं पुढचं पातं स्क्रूने बसवलेलं आहे, त्यामुळे तिथे मूळ पातं जपून ठेवून दुसरं पातं कानसता येतं. ज्या हत्यारावर असा पर्याय नाही आणि ज्याला ऐतिहासिक किंमत आहे, तिथे दुसऱ्या वजनाची गोळी वापरून पाहा. कानशीची पाळी बहुधा येणार नाही. आडवी चूक असेल तर नळी फिरवणं किंवा पातं वाकवणं हे उपाय कारागिराच्याच हाताने व्हावेत.

जुळवणी पूर्ण झाल्यावर पट्टीच्या पुढच्या स्क्रूला हलक्या ताकदीच्या लॉकिंग द्रवाचा अगदी छोटा थेंब लावा. उंचीच्या आणि आडव्या स्क्रूला लावू नका, ते फिरते राहायला हवेत. पन्नासेक गोळ्यांनंतर सगळे स्क्रू एकदा तपासा, कारण नवा भाग बसताना थोडा सैल होतोच. काडतुसाचं नाव, गोळीचं वजन, अंतर आणि क्लिकची संख्या एका चिठ्ठीवर लिहा. काढलेली जुनी साइट, तिचा स्क्रू आणि पिन तेलाचा हात फिरवून, हत्याराचा अनुक्रमांक लिहिलेल्या छोट्या डबीत त्या चिठ्ठीसकट ठेवा. हत्यार कधी दुसऱ्याच्या हाती गेलं तर ती डबीही सोबत द्या.